गावात एकटं कोण आहे, हा विषय ग्रामसभेत घ्या

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेला बसणारे सर्व गावकरी,
जिल्हे जळगाव, धुळे व नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. बरीचशी चोपडा आणि अमळनेर तालुक्यांत, मधली दोन धडगावकडच्या पाड्यांवर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गावात अजून ‘सिस्टर’ म्हणूनच हाक येते. नोकरीत माझ्या पिशवीत रजिस्टरं असायची: गरोदर मातांचं, पात्र जोडप्यांचं, शून्य ते पाच वयाच्या बालकांचं. कुठल्या घरात कोणाला कितवा महिना आहे, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. त्याच घरात ओसरीवर खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाशी मात्र ‘काय बाबा, बरंय ना’ एवढंच बोलून मी पुढच्या दाराला जायचे. शेवटच्या काही वर्षांत बीपी-शुगरची तपासणी आली, तेव्हा त्यांचीही नोंद होऊ लागली. आकडा लिहिला, गोळ्या दिल्या. आज दिवसभरात तुमच्याशी कोण बोललं, हे मी एकालाही विचारलं नाही. त्यासाठी रकानाच नव्हता.

तो रकाना आता गावाने आखावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आधी माझ्या घरचं सांगते, कारण दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी ते सांगायला हवं. वडील गेल्यावर माझी आई गावाकडे एकटी राहिली. तिला आमच्याकडे यायचं नव्हतं, आणि मीही फार ओढलं नाही. रोज संध्याकाळी फोन करायचे. ‘जेवन व्हयनं का? गोळी खादी का?’ ती म्हणायची, ‘हाव, सगळं बेस शे.’ पाच मिनिटांत फोन संपायचा आणि मला वाटायचं, आपण आईकडे बघतो आहोत. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेले आणि भाकरीसाठी पिठाचा डबा उघडला, तर पिठाला जाळं लागलेलं. दुसरा उघडला, तेच. असे पाच डबे निघाले. दादर ज्वारीचं, बाजरीचं, गव्हाचं, कशात किलोभर, कशात दीड किलो. एकट्या बाईला एवढं दळण कशाला लागतं, म्हणून मी चक्कीवाल्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, ‘मावशी रोजच येतात ना, किलोभर दाणे घेऊन. डबा सगळ्यात मागे ठेवतात. कोणी घाईत असलं तर आपला नंबर त्याला देऊन टाकतात.’

माझी आई चक्कीवर रांगेत उभी राहायला जात होती. तिथे बायका भेटतात, कोणाच्या सुनेला काय झालं ते कळतं, कोणी तिला ‘काकू, या इकडे सावलीत’ म्हणतं. त्या पाच मिनिटांच्या फोनमध्ये मी तिच्या पोटाची आणि गोळ्यांची चौकशी करत होते. बाकीची आई मला दिसलीच नव्हती.

तेव्हापासून मी घरं वेगळ्या नजरेने बघू लागले आणि एक गोष्ट लक्षात आली. एकटं राहणं आणि माणसांतून तुटणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या खालच्या आळीत एक अक्का आहेत, नवरा नाही, पोरगं नाही. पण त्यांच्या ओट्यावर दुपारी चार बायका बिबडे वाळत घालताना दिसतील, शाळेतून येणारी पोरं त्यांच्याकडे पाणी पितील. आणि त्याच आळीत नऊ माणसांच्या घरात एक आजोबा आहेत, ज्यांच्याशी सकाळच्या चहापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत कोणी पूर्ण वाक्य बोलत नाही. ‘उठा’, ‘जेवा’, ‘सरका’ एवढेच शब्द कानावर पडतात. घर भरलेलं आहे म्हणून गाव निश्चिंत आहे. यादी करायला बसलात तर हे आजोबा सुटतील, म्हणून मुद्दाम सांगते.

आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच निकाल लागतो: पोरं नालायक निघाली. काही निघतातही. म्हाताऱ्या आईबापाला भाकर न देणाऱ्या मुलांसाठी २००७ चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. पण मला भेटलेल्या बहुतेक म्हाताऱ्यांनी तो अर्ज कधीच केला नसता, कारण त्यात पोराची अब्रू जाते असं त्यांना वाटतं. आणि अर्ज केला तरी भाकर मिळेल, जवळ बसून बोलायचा हुकूम कुठला प्रांत देणार? शिवाय पोरं गेली ती काय हौसेने गेली? तीन एकर कापसावर दोन भावांचं भागत नाही. सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश नांदतो तो त्यासाठीच. सातपुड्यात तर दिवाळी झाली की अख्खी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. पाड्यावर म्हातारा, म्हातारी, शेळ्या आणि एखादं नातवंड राहतं. घरं एकमेकांपासून हाकेच्याही पलीकडे. होळीला माणसं परत येईपर्यंत त्या टेकडीवर दुसरा आवाज नसतो.

म्हणून मी पोरांवर बोट ठेवून थांबत नाही. मला दोन गोष्टी दिसतात. एक, माणसाच्या शरीरात आणि मनात काय होतं ते. दुसरी, गाव काय करतं ती. पहिलीतलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं आणि आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो.

एक जिभाऊ होते, जुने पैलवान. पारावरच्या गप्पांना त्यांच्याशिवाय रंग नव्हता. हळूहळू त्यांना ऐकू येईना. कोणी कापसाच्या भावाचं विचारायचं आणि ते पावसाचं उत्तर द्यायचे. पोरं हसायची. दोन-चार वेळा असं झालं आणि जिभाऊंनी पारावर येणं सोडलं. घरचे म्हणत, बाबांचा स्वभाव बदलला, चिडके झालेत. दोन वर्षं असंच चाललं. शेवटी मी त्यांना तालुक्याच्या ठिकाणी दाखवायला नेलं. डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिले, चार दिवसांनी पिचकारीने कान धुतले, तर दोन्ही कानांतून चिंचोक्याएवढे मळाचे गोळे निघाले. परत येताना जिभाऊ गाडीत एकदम ताठ बसले आणि म्हणाले, ‘सिस्टर, गाडी इतला आवाज करस का?’ दुसऱ्या दिवशी ते पारावर होते.

सगळ्यांचं असं होत नाही हे मला माहीत आहे. बहुतेकांची कानाची नस थकलेली असते आणि यंत्र लागतं. पण दोन वर्षांत त्या कानात कोणी डोकावलंच नव्हतं, मीही नाही. मोतीबिंदूची तीच गत, दातांची तीच. दात नसलेला माणूस पंगतीला बसायला लाजतो. आणि २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणं सांगितली, त्यांत कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि माणसांत न मिसळणं ही तिन्ही आहेत. म्हणजे आज ज्याला आपण ‘बाबा आता कोणात मिसळत नाहीत’ म्हणतो, ते उद्या ‘बाबा घराचा रस्ता विसरले’ होऊ शकतं.

बायकांचं एक दुखणं आहे, त्यावर ग्रामसभेत कधीच बोललं गेलं नाही, म्हणून इथे लिहिते. खोकलं, शिंकलं की लघवी सुटते. कोणाचं अंग बाहेर येतं. सुनेला सांगायची लाज, डॉक्टर पुरुष असले की तिथेही गप्प. मग ती बाई काय करते? भाचीच्या लग्नाला जात नाही. कीर्तनाला बसत नाही. कुठे जायचंच असलं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद करते, आणि ते आपल्या खान्देशच्या उन्हात. लोक म्हणतात, मावशीला माणसं आवडेनाशी झाली. मावशीला लुगडं ओलं होण्याची भीती असते. यावर व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, गरज पडली तर ऑपरेशन आहे. पण त्या बाईला बाहेर काढायला आधी एक गोष्ट लागते: बसथांब्याजवळ आणि देवळाजवळ दार लागणारं, पाणी असलेलं, गुडघे दुखणाऱ्या बाईला बसता येईल असं कमोडचं एक शौचालय. हे ग्रामपंचायतीचं काम आहे. आरोग्याचा एवढा मोठा उपाय शौचालयाच्या रूपात असतो, हे मला स्वतःला नोकरी संपत आल्यावर उमगलं.

पुरुषांबद्दल थोडं. बायको गेली की पुरुषाचं अर्धं गाव जातं, कारण दारात येणारी माणसं तिने जोडलेली असतात. वाणसामानापासून सांत्वनापर्यंत सगळे धागे तिच्या हातात असतात. आणि शेतकऱ्याचं काम सुटलं की उरलेलंही जातं. केळीच्या पट्ट्यात पूर्वी म्हाताऱ्याकडे एक हक्काचं काम होतं, बारे द्यायचं. रात्री-बेरात्री पाणी फिरवायला तो शेतात असायचा, बांधावर शेजारचा भेटायचा, विडी व्हायची. ठिबक आलं, फार चांगलं झालं, पाणी वाचलं. पण त्या म्हाताऱ्याचं शेतात जायचं कारण संपलं. पोरगा काळजीनेच म्हणतो, ‘आबा, आता आराम करा.’ आबाला तो आराम खाटेला बांधून ठेवतो.

आता गावाकडे वळते. सरपंच साहेब, हे थोडं लागेल, पण समजून घ्या.

आपण गल्लोगल्ली काँक्रीट केलं. एकावर एक थर चढला, रस्ता वर आला आणि ओटे खाली गेले. कुठे उलट झालं, ओट्याला चार उंच पायऱ्या लागल्या, बिनकठड्याच्या. ज्या ओट्यावर म्हातारी माणसं पाय सोडून बसायची, तिथे आता मोटारसायकल लागते. पाराचा निंब रस्त्यात येतो म्हणून कापला आणि पारावर सावली उरली नाही. चैत्र-वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा म्हातारा माणूस पत्र्याच्या खोलीत कोंडला जातो, तीन महिने. त्याच मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्या, पंख्यांसकट, कुलपात असतात. दुपारी दोन खोल्या उघडून, पाण्याचा माठ आणि सतरंजी ठेवायला कितीसा खर्च येतो?

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ वर्षांपासून निम्मं तिकीट आहे. चांगली योजना आहे, मी मनापासून म्हणते. पण ज्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली, तिथल्या म्हातारीला फुकट तिकिटाचा काय उपयोग? फाट्यापर्यंतचे तीन किलोमीटर तिला कोण नेणार? बहीण दहा कोसांवर असते आणि पाच वर्षांत भेट नसते.

रेशनवर अंगठा उठत नाही, म्हणून आजीऐवजी नातवाला पाठवतात. श्रावणबाळचे १५०० रुपये खात्यात येतात, ते काढायलाही कोणी दुसराच कार्ड घेऊन जातो. सोय झाली, खरं आहे, आणि अंथरुणावरच्या माणसाला पोस्टमनने घरी पैसे आणून द्यावेत यासारखं पुण्याचं काम नाही. पण ज्याचे पाय चालतात त्याचं घराबाहेर पडायचं एक एक निमित्त आपण सोयीच्या नावाखाली काढून घेतो आहोत. माझ्या आईला चक्की होती म्हणून ती तग धरून राहिली. घरोघर छोटी चक्की आली असती तर तिने काय केलं असतं?

मग वाटणी. सातबारा वेगळे झाले की आईबापही वेगळे होतात. बाप थोरल्याकडे, आई धाकट्याकडे, चाळीस वर्षांचा संसार झालेली दोन माणसं एकाच गावात सणावारी भेटतात. नाहीतर पाळी लागते, एक महिना नाशिकला, एक महिना पुण्याला. तिथल्या शेजारणीचं नाव कळतं तोवर पिशवी भरायची वेळ येते. ‘पाळी’ हा शब्द आपण गुरं राखायला वापरतो, आईसाठी वापरताना जीभ अडत नाही याचं मला वाईट वाटतं. आणि तिथे नातवंडं आजीशी बोलू शकत नाहीत. अहिराणी असो, लेवा बोली असो, गुजरी असो की पावरी, ‘शाळेत अडचण येते’ म्हणून आपण पोरांना ती शिकवलीच नाही. व्हिडिओ कॉलवर आजी तिच्या भाषेत विचारते, नातू मराठी-हिंदीत ‘हो’ म्हणतो आणि फोन बापाकडे देतो. पोरांना चांगल्या शाळेत घाला, पण घरात आजीची बोली बोलू द्या.

निवडणुकीचंही बोलायला हवं. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की दोन पॅनलचे दोन पार होतात. तरुण सहा महिन्यांत विसरतात, एकत्र चहा पितात. म्हातारी माणसं विसरत नाहीत, कारण त्यांना घरच्यांनी बजावलेलं असतं, ‘त्यांच्या ओट्यावर बसू नका.’ पन्नास वर्षांचे दोस्त समोरासमोर राहून बोलत नाहीत आणि त्यातला एक जातो तेव्हा दुसरा खिडकीतून बघतो. हे मी एकदा नाही, तीनदा बघितलं आहे. तुम्ही निवडून आलेली माणसं आहात. हे तुम्हीच मोडू शकता, दुसरं कोणी नाही.

विधवा बायकांना आपण अजून हळदीकुंकवाला बोलवत नाही, नव्या नवरीच्या ओटीला हात लावू देत नाही. साठीनंतर बहुतेक बायका कधी ना कधी विधवा होतातच. म्हणजे ज्या वयात माणसं हवीत, त्याच वयात दार बंद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं सांगितलं. आपल्या किती गावांनी गिरवला, तुम्हीच बघा. आणि ठराव केला असेल तर पुढच्या हळदीकुंकवाला सरपंचबाईंनी स्वतः विधवा शेजारणीला हाताला धरून आणावं.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. श्रावणात कानबाई, आपली खान्देशची देवी, घरात बसते तेव्हा सुरतेहून, पुण्याहून सगळी भाऊबंदकी रोट खायला एका घरात येते. त्या दोन दिवसांत मी म्हाताऱ्या बायकांचा आवाज बदलताना ऐकला आहे. कोणाच्या वाट्याचे गहू किती, कानबाईचा चौरंग कसा मांडायचा, गाणं कुठून उचलायचं, हे तिला माहीत असतं आणि बाकीच्यांना तिला विचारावं लागतं. गोष्ट तिथे आहे असं मला वाटतं. तिला कोणाची तरी गरज असते तशी कोणाला तरी तिची गरज लागली पाहिजे. वर्षातून दोन दिवस पुरत नाहीत. अंगणवाडीत आठवड्यातून एक दिवस गोष्ट सांगायला, शाळेत झोक्याची गाणी शिकवायला, बियाणं निवडायला, शेवग्याची रोपं करायला त्यांना बोलवा. ‘ज्येष्ठांचा सत्कार’ म्हणून शाल-नारळ देऊन खुर्चीत बसवू नका.

हा आरोग्याचा विषय आहे याबद्दल शंका असेल तर एवढंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक बंधांवरच्या आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. जगात सहा माणसांत एक एकाकी आहे आणि एकाकीपणाशी जोडलेले मृत्यू तासाला सुमारे १०० आहेत, असा त्यांचा अंदाज आहे. बीपीसाठी आपण घरोघर फिरलो, तर यासाठी का नाही?

माझं मागणं असं आहे. १ ऑक्टोबरला ज्येष्ठांचा दिवस असतो आणि २ ऑक्टोबरला आपल्याकडे ग्रामसभा होते. त्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या: आपल्या गावात एकटं कोण आहे? नावं सभेत वाचू नका, कोणाची लाज काढू नका. आळीनिहाय दोन-दोन माणसं नेमा, ती घरोघर जाऊन बसतील. उभ्याने विचारून चालणार नाही. चार गोष्टी बघायच्या: ऐकू येतं का, दिसतं का, घराबाहेर शेवटचं कधी पडलात, आणि रात्री दुखलं-खुपलं तर कोणाला हाक माराल. शेवटच्या प्रश्नाला जो गप्प बसेल, त्याचं नाव वर लिहा. हे काम फुकटात आशाताईंच्या डोक्यावर टाकू नका. एका आशाकडे हजार लोकसंख्या आहे आणि आधीच तिच्या हातात पंधरा कागद आहेत. द्यायचं तर मोबदला देऊन द्या.

यादी झाली की मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये कोणाला मिळाले नाहीत ते कळेल. त्यात चांगलं श्रवणयंत्र येत नाही, पण चष्मा, काठी, कमोडची खुर्ची येते. ऐकण्याचं अपंगत्व प्रमाणपत्रात बसत असेल तर ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी आहेच, तो खर्ची पडू द्या. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मोफत फोन नंबर चक्कीवर, रेशन दुकानात आणि पारावर मोठ्या अक्षरांत रंगवा. पाराला सावली परत आणा, पायऱ्यांना कठडा लावा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात गटारी बसतात, तसा कठडाही बसेल.

आमच्या गावात मी सुरुवात केली आहे. दोन बचतगटांच्या बाया सोबत आहेत, खालची आळी झाली. तुमच्यापैकी कोणाला आम्ही वापरतो तो कागद हवा असेल तर येऊन घेऊन जा, एकाच पानाचा आहे. उद्या वरच्या आळीत जायचं आहे. तिथल्या एका आजींनी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बोलावलं आहे, म्हणजे त्यांचा कागद भरायला अख्खी दुपार लागणार. मी तसा वेळ काढून ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव